अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा प्रसार व एंझाइमांचे प्रकारभेद

अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा प्रसार व एंझाइमांचे प्रकारभेद : पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाला वेढून असलेल्या ग्रंथीस अष्ठीला ग्रंथी म्हणतात. व्यवहारात ती प्रोस्टेट या नावाने परिचित आहे. या ग्रंथीत उद्‌भवणारा कर्करोग पुष्कळदा ग्रंथीपुरता मर्यादित राहून वर्षानुवर्षे संथ गतीने वाढतो. काही रुग्णांत मात्र त्याच्या कोशिका ग्रंथीची सीमा ओलांडून लसीका ग्रंथींत आणि विशेषतः हाडांत जाऊन रुजतात. एकाच अवयवातील, सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळसे सारखे दिसणारे दोन कर्करोग इतके भिन्न का वागतात, या प्रश्नाचे एक उत्तर कोशिकांतील एंझाइमांत (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या प्रथिनांत) सापडले आहे. एकच एंझाइम निरनिराळ्या व्यक्तींत, निरनिराळ्या ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांत) किंवा रोगाच्या निरनिराळ्या अवस्थांत किंचित वेगळ्या रूपात आढळते. अशा रूपांना प्रस्तुत नोंदीत ‘प्रकारभेद’ असे म्हटले आहे. या प्रकारभेदांचा कर्करोगाच्या प्रसाराशी असलेला संबंध हा या नोंदीचा विषय होय.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे सु. १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सु. ३ लाख ९७ हजार रुग्ण त्यामुळे मृत्यू पावले. पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. मृत्यूस कारण होतो तो बहुतेक वेळा मूळ ग्रंथीतील अर्बुद (गाठ) नसून त्याचा दूरस्थ प्रसार होय. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना निदान झाल्यास पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या रुग्णांचे सापेक्ष प्रमाण जवळजवळ शेकडा शंभर असते. तो दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर निदान झाल्यास हेच प्रमाण सु. एक-तृतीयांशावर येते. प्रसार कोणात होईल व कोणात होणार नाही हे आधी सांगता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

इतिहास : या रोगाचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावर आधारलेले पहिले वर्णन लंडन येथील शस्त्रक्रियातज्ञ जॉन ॲडम्स यांनी १८५३ मध्ये केले व त्या वेळी त्यांनी हा रोग अत्यंत विरळ असल्याचे म्हटले. कर्ककोशिका कोठेही रुजत नाहीत, बी जसे अनुकूल जमिनीतच उगवते तशा त्या विशिष्ट अवयवांतच वाढतात, ही कल्पना स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासावरून मांडली. ती अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगास तंतोतंत लागू पडते. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी शिश्नाच्या पृष्ठीय नीलेत रंजकद्रव्य सोडून श्रोणीतील (ओटीपोटाच्या तळाच्या पोकळीतील) नीला आणि पाठीच्या कण्याभोवतीचे नीलाजाल यांचा थेट संबंध दाखवून दिला. या जालातील नीलांना झडपा नसल्याने खोकताना वा कुंथताना रक्त उलट दिशेने कण्याकडे ढकलले जाऊ शकते. कमरेच्या मणक्यांत हा रोग वारंवार का आढळतो याचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

एंझाइमांचा या रोगाशी असलेला संबंध त्याच काळात उजेडात आला. १९३५ मध्ये वीर्यात अम्ल फॉस्फेटेझ हे एंझाइम विपुल असल्याचे आढळले व ते अष्ठीला ग्रंथीतून येते हे सिद्ध झाले. पुढील वर्षी अलेक्झांडर गटमन व त्यांच्या सहकाऱ्यांना हेच एंझाइम या कर्करोगाचा प्रसार झालेल्या हाडांत मिळाले आणि १९३८ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तातही त्याचे प्रमाण वाढलेले दिसले. मूळ ग्रंथीचे एंझाइम दूरच्या हाडात सापडणे हा कोशिकांच्या स्थलांतराचा जणू रासायनिक पुरावाच होता. १९४१ मध्ये चार्ल्स हगिंझ आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी वृषणे काढून टाकल्यास रक्तातील हे एंझाइम घटते व रुग्णाच्या वेदना कमी होतात, तर पौरुषजन हॉर्मोन टोचल्यास ते वाढते, असे दाखवून दिले. कर्करोगाची वाढ हॉर्मोनावर अवलंबून असू शकते, हे प्रस्थापित करणाऱ्या या कार्याबद्दल हगिंझ यांना १९६६ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथील रॉझवेल पार्क संस्थेत अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. हे प्रतिजन म्हणजेही एक एंझाइमच आहे.

प्रकारभेद कसे निर्माण होतात : प्रथिन हे ॲमिनो अम्लांची साखळी असून त्यांचा क्रम जनुकातील (आनुवंशिक गुणांच्या एककातील) डीएनएच्या घटकांवरून ठरतो. एंझाइमाच्या रूपात फरक पडण्याचे मार्ग मुख्यत्वे चार आहेत. (१) एकच विक्रिया घडविणारी दोन एंझाइमे दोन स्वतंत्र जनुकांपासून तयार होतात. त्यांना समएंझाइमे म्हणतात. (२) जनुकातील एखादा घटक लोकसंख्येतील काही व्यक्तींत जन्मतःच वेगळा असतो. यास बहुरूपता म्हणतात. असा फरक शरीरातील प्रत्येक कोशिकेत असतो व पुढील पिढीत उतरू शकतो. (३) जन्मानंतर अर्बुदाच्या कोशिकांतच उत्परिवर्तन (आनुवंशिक द्रव्यात आकस्मिक बदल) होते. ते संततीत उतरत नाही. (४) जनुक तेच असूनही संदेशवाही आरएनएचे तुकडे वेगळ्या रीतीने जोडले जातात आणि कमीअधिक लांबीचे प्रथिन तयार होते. याखेरीज एंझाइमाची रचना न बदलता त्याचे केवळ प्रमाण बदलणारे फरकही जनुकाच्या नियंत्रक भागात आढळतात.

एका ॲमिनो अम्लाच्या बदलाने कधी एंझाइमाची क्रियाशीलता कमी होते, कधी वाढते, तर कधी क्रियाशीलता तीच राहून एंझाइम कोशिकेत अधिक काळ टिकून राहते. हा शेवटचा प्रकार या रोगात विशेष परिणामकारक ठरला असून त्याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रसाराच्या पायऱ्या : कर्ककोशिकेस मूळ जागेपासून हाडापर्यंत पोहोचण्यासाठी अनेक अडथळे पार करावे लागतात. शेजारच्या कोशिकांशी असलेली बांधणी सुटणे, ग्रंथीच्या अस्तराखालील आधारपटल भेदणे, भोवतालच्या संयोजी ऊतकातून मार्ग काढणे, रक्तवाहिनीत वा लसीका वाहिनीत शिरणे, प्रवाहात जिवंत राहणे, दूरच्या वाहिनीतून बाहेर पडणे आणि तेथे नवी वसाहत स्थापन करणे, अशा या पायऱ्या होत. यांतील फारच थोड्या कोशिका शेवटपर्यंत टिकतात.

आधारपटल मुख्यत्वे चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनाचे बनलेले असते. ते विरघळविण्याचे काम प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे करतात. त्यांत जस्तावर अवलंबून असणारी आधारद्रव्य-मेटॅलोप्रोटिनेझे प्रमुख असून मानवात ती वीसहून अधिक आहेत. दुसऱ्या व नवव्या क्रमांकाची एंझाइमे कोलॅजेनाच्या चौथ्या प्रकारावर क्रिया करतात. दुसऱ्या क्रमांकाच्या एंझाइमाच्या जनुकाच्या नियंत्रक भागात, प्रारंभबिंदूच्या १,३०६ घटक आधी, सायटोसिनाऐवजी थायमीन असल्यास एंझाइमाची निर्मिती कमी होते, असे २००१ मध्ये आढळले. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाशी या फरकाचा संबंध तपासणाऱ्या पाहण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. या एंझाइमांना रोखणारी औषधेही १९९०–२००० च्या दशकात तयार झाली. परंतु ती मानवी चाचण्यांत अपयशी ठरली. हीच एंझाइमे जखम भरून येण्यासारख्या प्राकृतिक कार्यांतही भाग घेतात आणि रोग दूर पसरल्यानंतर त्यांना अडवून फारसे साधत नाही, हा त्यातून मिळालेला धडा होय.

कोशिकेच्या पृष्ठभागावर रोवलेले हेप्सिन हे एंझाइम या कर्करोगात पुष्कळ वाढलेले असते. उंदरांच्या अष्ठीला ग्रंथीत ते कृत्रिम रीत्या वाढविले असता आधारपटलाची घडण विस्कटते, तसेच आधीच कर्करोगप्रवण असलेल्या उंदरांत यकृत, फुप्फुसे व हाडे यांत रोग पसरतो, असे २००४ मध्ये दिसून आले. टीएमपीआरएसएस-२ हे याच जातीचे दुसरे एंझाइम होय; कोव्हिड-१९ च्या विषाणूस कोशिकेत शिरण्यास मदत करणारे म्हणून ते अलीकडे अधिक प्रसिद्धी पावले. त्याच्या जनुकाचा नियंत्रक भाग तुटून ईआरजी नावाच्या जनुकास जोडला गेल्याचे पाश्चात्त्य देशांतील सु. निम्म्या रुग्णांच्या अर्बुदांत आढळते. हा शोध २००५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. येथे एंझाइम बदलत नाही, तर पौरुषजन हॉर्मोनाने चालू होणारी त्याची कळ दुसऱ्याच जनुकाच्या हाती जाते.

हॉर्मोननिर्मितीतील एंझाइमे : अष्ठीला ग्रंथीच्या कोशिका पौरुषजन हॉर्मोनांवर जगतात. वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरोन ग्रंथीत आल्यावर ५-आल्फा-रिडक्टेझ या एंझाइमाच्या क्रियेने त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन बनते. ते कोशिकेतील ग्राही प्रथिनास अधिक घट्ट चिकटते व अधिक प्रभावी असते. या एंझाइमाची दोन प्रमुख समएंझाइमे आहेत. पहिले त्वचा व यकृत यांत, तर दुसरे अष्ठीला ग्रंथीत प्रामुख्याने असते. दुसऱ्याचा जन्मजात अभाव असलेल्या कुटुंबांचे वर्णन १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातून प्रसिद्ध झाले. या पुरुषांची अष्ठीला ग्रंथी प्रौढपणीही लहानच राहते. त्यावरूनच या एंझाइमास रोखणारे फिनास्टेराइड हे औषध निघाले. १८,८८२ पुरुषांवर सात वर्षे चाललेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या औषधाने कर्करोगाचे प्रमाण सु. २५ टक्क्यांनी घटले.

दुसऱ्या समएंझाइमात ८९ व्या स्थानी व्हॅलिनाच्या जागी ल्यूसीन असल्यास त्याची क्रियाशीलता कमी होते, तर ४९ व्या स्थानी ॲलॅनिनाच्या जागी थ्रिओनीन असल्यास ती वाढते. दुसरा फरक आक्रमक कर्करोगाशी संबंधित असल्याचे १९९९ मध्ये अमेरिकेतील पाहणीत दिसले. परंतु पुढील सर्व पाहण्यांनी त्यास दुजोरा दिला नाही. याहून अधिक महत्त्वाचा ठरला तो समएंझाइमांतील अदलाबदलीचा प्रकार. रोग पसरल्यावर आणि वृषणांतील हॉर्मोन थांबविल्यावर कर्ककोशिकांत दुसरे समएंझाइम घटते व पहिले वाढते. पहिले समएंझाइम टेस्टोस्टेरोनाचा टप्पाच वगळून अँड्रोस्टीनडायोनापासून आडमार्गाने डायहायड्रोटेस्टोस्टेरोन तयार करण्यास मदत करते, असे २०११ मध्ये दिसून आले. उगम अडविला तरी ओहोळ वाट काढतो, तसाच हा प्रकार आहे.

या आडमार्गाचे प्रवेशद्वार ३-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेझ या एंझाइमाचा पहिला प्रकार सांभाळतो. वृषणे काढली किंवा औषधाने निष्क्रिय केली, तरी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन हे दुर्बल हॉर्मोन रक्तात सोडतच राहतात. त्यापासून प्रबल हॉर्मोन बनविण्याची पहिली व गती ठरविणारी पायरी हे एंझाइम घडविते. त्याच्या जनुकातील १,२४५ व्या स्थानी ॲडेनिनाच्या जागी सायटोसीन आल्यास प्रथिनातील ३६७ वे ॲमिनो अम्ल ॲस्पराजीन न राहता थ्रिओनीन होते. या बदलाने एंझाइमाची विक्रिया घडविण्याची क्षमता वाढत नाही. वाढते ते त्याचे आयुष्य. कोशिकेत जुनी प्रथिने ओळखून त्यांना युबिक्विटीन नावाची खूण लावली जाते व खूण लागलेली प्रथिने मोडीत काढली जातात. बदललेल्या एंझाइमास ही खूण सहज लागत नाही. परिणामी ते साठत जाते आणि कोशिका अधिवृक्क ग्रंथीच्या हॉर्मोनावर स्वतःची गरज भागवू शकते. हे कार्य निमा शरीफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

याचा रुग्णांवरील परिणाम २०१६ मध्ये स्पष्ट झाला. प्रत्येक व्यक्तीस आईकडून एक व वडिलांकडून एक अशा या जनुकाच्या दोन प्रती मिळतात. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा उद्‌भवल्यामुळे हॉर्मोनरोधक उपचार घेतलेल्या अमेरिकेतील रुग्णांच्या एका गटात, बदललेली एकही प्रत नसलेल्यांत दूरस्थ प्रसाराविना गेलेला मध्यस्थ काल ९·१ वर्षे, एक प्रत असलेल्यांत ६·८ वर्षे आणि दोन्ही प्रती बदललेल्यांत केवळ ३·६ वर्षे होता. प्रतींच्या संख्येबरोबर परिणाम पायरीपायरीने वाढत जाणे हे कार्यकारणभावाचे सबळ लक्षण मानले जाते. ही बहुरूपता यूरोपीय वंशाच्या लोकांत अधिक व पूर्व आशियातील लोकांत बरीच कमी आढळते. ज्यांच्यात ती आहे त्यांचा रोग वृषणाच्या हॉर्मोनावरील उपचारास लवकर दाद देईनासा होतो. म्हणून अशा रुग्णांत अधिवृक्क ग्रंथीच्या व कोशिकांतर्गत हॉर्मोननिर्मितीस आरंभापासून आळा घालावा, अशी विचारसरणी त्यातून पुढे आली. ॲबिराटेरोन हे २०११ पासून वापरात असलेले औषध याच मार्गातील दुसऱ्या एका एंझाइमास रोखते.

अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन : रक्ततपासणीत ‘पीएसए’ म्हणून ओळखले जाणारे हे प्रथिन २३७ ॲमिनो अम्लांचे, प्रथिन-विघटक एंझाइम होय. वीर्य गोठल्यासारखे घट्ट करणाऱ्या सेमिनोजेलिन या प्रथिनाचे तुकडे करून वीर्य पुन्हा पातळ करणे हे त्याचे प्राकृतिक कार्य आहे. निरोगी ग्रंथीत ते वाहिन्यांत सोडले जाते. ग्रंथीची घडण बिघडली म्हणजे ते रक्तात झिरपते. त्याचे रक्तातील प्रमाण रोगावर लक्ष ठेवण्यासाठी १९८६ पासून व निदानास मदत म्हणून १९९४ पासून अमेरिकेत अधिकृतपणे वापरले जाते. मात्र ग्रंथीची वयोमानानुसार होणारी साधी वाढ किंवा शोथ (दाहयुक्त सूज) यांतही ते वाढते.

हे एंझाइम केवळ रोगाचे निदर्शक नसून रोगाच्या वाटचालीत भागही घेते. १९ व्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकात एका ठिकाणी थायमिनाच्या जागी सायटोसीन असल्यास प्रथिनातील १६३ व्या स्थानी आयसोल्यूसिनाच्या जागी थ्रिओनीन येते. ज्यांच्यात हा फरक आहे अशा पुरुषांत कर्करोगाचे निदान कमी प्रमाणात होते, हे आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे हा फरक संरक्षक समजला जाई. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चित्र पालटले. थ्रिओनीनयुक्त एंझाइमाची प्रथिने तोडण्याची शक्ती खूपच कमी असते. उंदरांच्या त्वचेखाली वाढविलेली अशा कोशिकांची अर्बुदे लहान राहिली. पण प्रसाराच्या प्रयोगात याच कोशिका अधिक पसरल्या व त्यांनी हाडांचा नाश अधिक केला. रुग्णांच्या तीन स्वतंत्र गटांतही हा फरक आक्रमक रोग व रोगामुळे येणारा मृत्यू यांच्याशी निगडित असल्याचे दिसले. म्हणजे एकच प्रकारभेद मूळ गाठीच्या वाढीस प्रतिकूल आणि तिच्या प्रसारास अनुकूल ठरतो. रोग होण्याची शक्यता आणि झालेला रोग पसरण्याची शक्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. अशा व्यक्तींच्या रक्तातील प्रतिजनाचे मापही वेगळे येऊ शकत असल्याने, केवळ आकड्यावर विसंबल्यास निदानास विलंब होण्याचा धोका असतो.

अष्ठीला-विशिष्ट पटल प्रतिजन : नावात साम्य असले तरी हे वरील प्रथिनाहून वेगळे असून कोशिकेच्या बाह्य पटलात रोवलेले ग्लुटामेट विलग करणारे एंझाइम आहे. आरएनएच्या निराळ्या जोडणीमुळे त्याचे एक आखूड रूपही तयार होते. त्यात पटलात रोवला जाणारा भागच नसल्याने ते कोशिकेच्या अंतर्भागात राहते. निरोगी ग्रंथीत आखूड रूप अधिक असते, कर्करोगात पूर्ण लांबीचे. या पालटामुळे एंझाइम कोशिकेच्या पृष्ठभागी उघडे पडते आणि त्यास चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात सोडून पसरलेल्या कोशिका नेमक्या कोठे आहेत हे प्रतिमेत पाहता येते. प्रतिमेसाठी गॅलियम-६८ व उपचारासाठी ल्युटेशियम-१७७ ही किरणोत्सर्गी समस्थाने वापरतात. ल्युटेशियम-१७७ चा अर्धायुकाल सु. ६·७ दिवसांचा असून ते मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते व देशातील अणुवैद्यक विभागांना पुरविले जाते.

नियंत्रक व दुरुस्ती करणारी एंझाइमे : १९९७ मध्ये शोधले गेलेले पीटीईएन हे फॉस्फेट गट काढून टाकणारे एंझाइम कोशिकेच्या वाढीचे व स्थलांतराचे संदेश थोपविते. पसरलेल्या रोगात ते पुष्कळदा नष्ट झालेले असते. याउलट, गुणसूत्रातील प्रथिनांना मिथिल गट जोडून अनेक जनुके बंद करणारे ईझेडएच-२ हे एंझाइम पसरलेल्या रोगात अतिरिक्त प्रमाणात असते, असे २००२ मध्ये आढळले. हानिकारक द्रव्ये निष्प्रभ करणाऱ्या ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेझाच्या पाय प्रकाराचे जनुक बहुतेक सर्व रुग्णांच्या अर्बुदांत मिथिल गट जोडले जाऊन अगदी आरंभीच बंद पडलेले असते.

डीएनएला झालेल्या इजेची वर्दी देणारी एटीएम आणि सीएचईके-२ ही एंझाइमे आनुवंशिक प्रकारभेदांच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोग दूर पसरलेल्या ६९२ रुग्णांपैकी ११·८ टक्क्यांत डीएनए-दुरुस्तीशी संबंधित जनुकांत जन्मजात हानिकारक बदल आढळले. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्यांत हे प्रमाण ४·६ टक्के होते. यांत बीआरसीए-२ या जनुकाचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी ते एंझाइमाचे जनुक नव्हे. सीएचईके-२ चा वाटा १·९ व एटीएमचा १·६ टक्के होता. असे बदल सापडल्यास रुग्णाच्या भावांना व मुलांनाही तपासणीचा सल्ला देता येतो. बीआरसीए-२ मधील बदलांच्या बाबतीत बहिणी व मुली यांनाही तो लागू होतो, कारण त्यांच्यात स्तन व अंडाशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो.

हाडांतील प्रसार व फॉस्फेटेझे : बहुतेक कर्करोग हाडात शिरल्यावर ते पोखरतात, अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग बहुधा तेथे नवे, पण कमकुवत हाड रचतो. क्ष-किरण चित्रात अशी हाडे पांढरी व दाट दिसतात. नव्या हाडाच्या निर्मितीबरोबर अल्कली फॉस्फेटेझ या एंझाइमाचे हाडातील रूप रक्तात वाढते. याच एंझाइमाचे यकृतातील रूपही रक्तात असते. त्यामुळे वाढ हाडामुळे की यकृतामुळे हे ठरविण्यासाठी दोन रूपे वेगळी मोजावी लागतात. कंबरदुखी घेऊन आलेल्या वृद्ध पुरुषात हे एंझाइम वाढलेले असल्यास केवळ ‘वयाची दुखणी’ म्हणून ते सोडून देता येत नाही. मणक्यातील रोग मज्जारज्जूवर दाब आणून पायांचा पक्षाघातही घडवू शकतो व अशा वेळी काही तासांत उपचार सुरू करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात या रोगाचे प्रमाण उत्तर अमेरिका व पश्चिम यूरोप यांच्या मानाने बरेच कमी आहे, आयुर्मान वाढल्याने मोठ्या शहरांत ते वाढत आहे. या गोष्टी समजतात त्या लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवह्यांमुळे. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत भारतातील अशी पहिली नोंदवही सुरू केली. त्यानंतर पुणे, औरंगाबाद (१९७८, आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर (१९८०) येथे तिच्या शाखा निघाल्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण नोंदवही १९८७ पासूनची आहे. मराठवाड्यातील शहरी लोकसंख्येतील कर्करोगाचे मोजमाप अशा रीतीने चार दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले व पुढे त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्यामुळे मराठवाड्यातील रुग्णांना किरणोपचारासाठी मुंबई गाठण्याची गरज कमी झाली.

नोंदवही रुग्ण मोजते. त्याच्या एंझाइमांचे प्रकारभेद मोजत नाही. वर सांगितलेल्या बहुतेक पाहण्या यूरोपीय वंशाच्या पुरुषांवर झालेल्या आहेत. बहुरूपतांचे प्रमाण वंशपरत्वे व समाजपरत्वे बदलते. म्हणून त्यांचे आकडे येथील लोकांना जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. भारतीय रुग्णांतील आणखी एक फरक असा की, निदानाच्या वेळीच रोग पसरलेला असलेल्यांचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा असतो. लघवीस होणारा त्रास वार्धक्याचा भाग समजून अंगावर काढला जातो आणि हाड दुखू लागल्यावर किंवा मोडल्यावर तपासणी होते.

प्रसार रोखण्यासंबंधीचे महत्त्वाचे कार्य महाराष्ट्रात झाले आहे. मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालयात प्रसाराचा धोका जास्त असलेल्या २२४ रुग्णांवर चाचणी करण्यात आली. एका गटात केवळ अष्ठीला ग्रंथीवर, तर दुसऱ्या गटात तिच्याबरोबर श्रोणीतील लसीका ग्रंथींवरही किरणोपचार देण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर रक्ततपासणीच्या निकषावर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१·२ टक्के व दुसऱ्या गटात ९५·० टक्के होते. दिसू न शकणाऱ्या सूक्ष्म प्रसारावर वेळीच उपचार केल्यास रोगाची पुढील वाटचाल बदलता येते, हे यावरून दिसते.

उपयोग व मर्यादा : एंझाइमांच्या प्रकारभेदांच्या ज्ञानाचा उपयोग तीन प्रकारे होतो. पहिला, रोग पसरण्याची शक्यता वर्तविण्यासाठी : ज्यांचा रोग संथ राहील त्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया व त्यानंतरचे मूत्रावरील ताबा जाणे, नपुंसकत्व यांसारखे त्रास टाळता येतात. दुसरा, उपचाराची निवड करण्यासाठी : डीएनए-दुरुस्तीत दोष असलेल्या कर्ककोशिका पीएआरपी या दुसऱ्या दुरुस्ती-एंझाइमावर विसंबतात व ते रोखल्यास मरतात, या तत्त्वावरील ओलापारिब हे औषध या रोगासाठी २०२० पासून वापरात आहे. तिसरा, प्रसाराचे स्थान शोधण्यासाठी व तेथेच किरणोत्सर्ग पोहोचविण्यासाठी. त्याचे उदाहरण वर आलेच आहे.

तथापि कोणत्याही एका प्रकारभेदावरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य ठरत नाही. प्रकारभेद शक्यता दाखवितो. रोगाची अवस्था, अर्बुदाची सूक्ष्मदर्शकीय श्रेणी, वय आणि उपचारांची उपलब्धता यांचे वजन त्याहून अधिक असते. १९९९ मधील व २००१ मधील शोधांचा अनुभव सांगतो की, लहान पाहणीत दिसलेला संबंध मोठ्या पाहणीत टिकेलच असे नाही. खर्चाचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. वृषणे काढण्याची साधी शस्त्रक्रिया आजही परिणामकारक व अल्पखर्ची उपचार आहे, तर नवी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. आनुवंशिक तपासणीने महागडे औषध कोणास खरोखर उपयोगी पडेल हे आधी कळू शकल्यास, ती तपासणी मर्यादित साधने असलेल्या समाजातच अधिक मोलाची ठरेल. त्यासाठी येथील नोंदवह्यांतील रुग्णांच्या माहितीस त्यांच्या जनुकांच्या माहितीची जोड मिळणे आवश्यक आहे. तोपर्यंत पन्नाशीनंतर लघवीची धार मंदावणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, लघवीत रक्त जाणे किंवा कंबरेच्या हाडांत सतत ठणका लागणे या लक्षणांकडे वेळीच लक्ष देणे हाच रोगाच्या प्रसारास अडविण्याचा सर्वांस उपलब्ध असा मार्ग होय.